जेवणाला बफर

तिकोणा पेठ,
बुधवार

ती. स्व. माधवराव दाजी यांस,

अंबाजीचा साष्टांग नमस्कार. आपली तब्येत ठीक असावी आणि अक्कांचा गुडघा आता त्यांना जिना चढू देत असावा, अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे, पण हात धजत नाही. दाजी, आपण बसून वाचताय ना? नसलात तर आधी बसा. हातात चहा असेल तर तोही खाली ठेवा. आपण जुळवून दिलेलं आमच्या नातीचं, अपेक्षाचं लग्न कालपासून मोडल्यात जमा आहे.

आता नीट सांगतो. अपेक्षाचा भाऊ निलेश कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर झाला, हे आपल्याला ठाऊक आहेच. (आमच्या भागात प्रोजेक्ट म्हणजे पवनेचं धरण. पोरगं आता कुणाची तरी जमीन बुडवणार, या धास्तीने मी पेढासुद्धा भीत भीत खाल्ला होता.) त्याने जाहीर केलं की बहिणीचं लग्न हा आपला घरचा प्रोजेक्ट. तेव्हापासून रोज सकाळी घरात मीटिंग, आणि तीही उभ्याने. का, तर बसलं की माणसं पाल्हाळ लावतात. (हे तो माझ्याकडे बघून म्हणाला.) काल काय केलं, आज काय करणार आणि काम कुठे अडलंय, एवढंच सांगायचं. आमच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "काल भाकऱ्या केल्या, आज भाकऱ्या करनार, आन् तू ग्यासम्होरं हुबा हायस, तितं अडलंय."

त्याचं एक तत्त्व मात्र मला मनापासून पटलं. पुढे संकट दिसलं की झाकून ठेवायचं नाही, ज्याला त्याची झळ बसणार त्याला आधी कळवायचं. पटलं, आणि तिथेच घात झाला.

परवाच्या मीटिंगमध्ये तो म्हणाला, जेवणाला बफर ठेवू. बफर! म्हणजे हातात ताट घेऊन, लोकांचे धक्के खात, उभ्याने जेवण. नवरदेवाच्या आजी, कान्हे गावच्या धोंडाबाई, सुपारीच्या दिवशी सर्वांदेखत काय म्हणाल्या होत्या? पंगत नसेल तर मांडवात पाऊल ठेवणार नाही. आणि हा पोरगा काही थांबेना. हळदीला बफर, वरातीला बफर, शेवटी म्हणाला, मुहूर्ताच्या आधीही बफर हवाच. लोकांनी अक्षता टाकायच्या कधी, ताटातला पुलाव संपल्यावर? मी इतका हादरलो की विचारायचंही सुचलं नाही. (विचारलं असतं तर, आबा, तुम्हाला कळायचं नाही, हे ऐकावं लागलं असतं, हेही होतंच.)

मग मी त्याचंच तत्त्व पाळलं. धोंडाबाईंना फोन लावला आणि जमेल तितक्या गोड शब्दांत सांगितलं की पोरांनी बफर ठरवलंय, मोठ्या मनाने घ्या. त्या एकदम कडाडल्या, "माज्या घरची मानसं काय घोडी हायती व्हय, हुब्यानं खायाला? तुमचा बफर तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, आमचा नवरदेव आमच्याकडं!"

काल कान्ह्याहून लग्न थांबवल्याचा निरोप आला. निलेश मीटिंग चालू असताना चक्क खाली बसला. आणि मग तो जे म्हणाला त्यातून मी अजून सावरलेलो नाही. दाजी, बफर म्हणजे जादा वेळ! सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याला निघालेल्या गाड्यांनी हायवे तुंबतो, वऱ्हाड अडकलं तर हाताशी मोकळा ठेवलेला अर्धा तास! जेवणाला पंगतच होती हो, वाढपीसुद्धा सांगून ठेवले होते. एवढ्याशा रिकाम्या वेळेला असं खाण्याचं नाव कुणी ठेवलं असेल?

आता बफरची बातमी कान्ह्याला कशी पोचली, याची निलेश चौकशी करतो आहे. मी गप्प आहे. अपेक्षा मला रोज सकाळी रक्तदाबाची गोळी काढून देते. आजही दिली, पण डोळे सुजलेले होते आणि माझ्याकडे न बघता दिली.

अधिक लिहवत नाही. अक्कांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला धास्तावलेला,
अंबाजी

ता. क. हे पत्र दूधवाल्या जानूबरोबर पाठवतो आहे. फोनला मी आता हात लावत नाही.

ता. क. दुसरा. पत्र वाचताच कान्ह्याला जा. पंगत आहे, पंगतच होती, एवढं धोंडाबाईंच्या कानावर घाला. त्यांच्या पानात जिलेबी मी स्वतः वाढीन, त्या नको म्हणेपर्यंत वाढीन. पोरीचं लग्न वाचवा.

ता. क. तिसरा. जाताना अक्कांना बरोबर न्या आणि दारातून आधी त्यांनाच आत जाऊ द्या. धोंडाबाई आपल्यावर जरा जास्तच चिडलेल्या असतील. माझं त्यांनी ऐकून घेतलं नसतं, म्हणून फोनवर मी "तळेगावहून माधवराव बोलतोय" असं सांगितलं होतं.