सातव्या प्रकरणातला ‘मी’

१२ मार्च, दुपार

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

इकडे सगळं ठीक. वहिनीचा गुडघा पुष्कळ बरा आहे. काल जिना चढून आली आणि माझ्या टेबलावरच्या पसाऱ्याला नावं ठेवून गेली, म्हणजे तब्येत सुधारली. छापखान्यातून रोज फोन येतो. तुझ्या पुस्तकाची शेवटची मुद्रितं मी अजून परत केलेली नाहीत. डोळे दुखतायत, असं त्यांना सांगितलं. खोटं सांगितलं.

परवा तू तिथल्या परिषदेत सातव्या प्रकरणावर बोलणार आहेस. त्याआधी तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र तुझ्या विद्यार्थिनीच्या हाती देतेय. ती संध्याकाळच्या गाडीने निघेल.

दादा, त्या प्रकरणाची टेप कोरी होती. नेहमीसारखा मला टाइप करायला म्हणून तू टेपरेकॉर्डरसमोर तासभर बोललास, पण रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबायचं विसरलास. सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंस. सहाव्या प्रकरणात माझ्याकडून एक ओळ गळली, तर आठवडाभर अबोला धरला होतास. मी घाबरले. तीस वर्षं तुझी टिपणं टाइप करतेय. त्यांतले जर्मन तत्त्वज्ञ मला शेजाऱ्यापाजाऱ्यांइतके ओळखीचे झालेत. म्हटलं, तू जे बोलला असशील तेच लिहू. पण चार पानांनंतर तू बाजूलाच राहिलास. विचार बेवारस नसतो, प्रत्येक विचारासोबत ‘मी विचार करतो’ म्हणणारा कुणीतरी असतोच, इथपर्यंत तुझं. तो ‘मी’ एकट्याने पुरा होत नाही, समोरच्याने ओळख दिली तरच होतो. आणि राबणाऱ्याला तो आधी सापडतो स्वतःच्या हातच्या कामात, हे त्या तत्त्वज्ञांकडून घेऊन पुढे ज्या टोकाला नेलंय, ते माझं.

तू वाचून म्हणालास, “बघ, मी इतकं नेमकं बोललो, हे बोलताना मलाच कळलं नव्हतं!” मी चहा ठेवायला उठले. त्या दिवशी मला आनंद झाला होता आणि तुझा भयंकर रागही आला होता. प्रस्तावनेत तू ‘चोख टंकलेखनाबद्दल’ माझे आभार मानलेस.

परवा कुणी विचारलं, या विचारापर्यंत कसे पोहोचलात, तर काय सांगशील? प्रकरण काढून टाक, नाहीतर त्यावर माझं नाव घाल. तिसरी वाट मी ठेवलेली नाही. छपाई सोमवारी आहे आणि मुद्रितं माझ्या कपाटात.

रागावलास तरी चालेल. पण माझ्यावर रागाव, टाइप करणारीवर नको.

तुझी धाकटी बहीण,
सातव्या प्रकरणाची लेखिका