वरच्या सभागृहाचे चौदा दिवस

मुक्काम दिवा (तात्पुरता),
सोमवार

प्रिय धोंडिबास,

त्र्यंबकचा साष्टांग नसला (गुडघे वाकत नाहीत) तरी मनापासून नमस्कार. तुझी साखर काय म्हणते? वहिनींचा खोकला गेला का, की त्याला कंटाळून तूच घराबाहेर पडलास? तुला म्हणा काय धाड भरलीय, खडवलीला नदी आहे, हवा आहे, बोलायला माणसं आहेत. आम्ही दोघं जिवंत आहोत. कलावती माझ्याशी बोलत नाही. पण इथे पाणीसुद्धा एक दिवसाआड येतं, तेव्हा तक्रार कुठली कुठली करायची!

वर्तकनगरची आमची इमारत तू पाहिलीयस. गेल्या वर्षी मी तिथे वरिष्ठ सभा काढली. हसू नकोस. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, त्याचा कुठे तरी उपयोग नको? सोसायटीची कमिटी म्हणजे सगळी पोरं, मोबाइलवर ठराव करून मोकळी. एका रविवारी त्यांनी गच्चीवर वाळवणं घालायची बंद केली (कलावतीचे सांडगे त्यात गेले). मी म्हटलं, देशाला राज्यसभा आहे, राज्याला विधान परिषद आहे, मग आपणच काय घोडं मारलंय? खालच्यांनी ठरवायचं, वरच्यांनी थंड डोक्याने तपासायचं. साठीच्या वरचे सात जण घेतले, सभापती अर्थात मी. राज्यसभेला धनविधेयक चौदा दिवस ठेवून घेता येतं, म्हणून आम्हालाही प्रत्येक ठराव चौदा दिवस ठेवता येईल, असा नियम केला. पोरांनी पटापट हात वर केले, कारण मॅच सुरू व्हायची होती. सभा कधीच बरखास्त होणार नाही, पण दर दोन वर्षांनी एकतृतीयांश सभासद निवृत्त होतील, हेही लिहिलं. (विमलाबाई म्हणाल्या, त्याला नियम कशाला, ते वरूनच होत असतं.)

मार्चमध्ये इंजिनिअर आला, खांबांवर हातोडी वाजवून गेला आणि इमारत ताबडतोब रिकामी करा असं लिहून दिलं. कमिटीने त्याच दिवशी ठराव केला आणि तिचा सेक्रेटरी मयूर, माझाच जुना विद्यार्थी, कागद घेऊन माझ्याकडे आला. आम्ही बसलो. पहिल्या बैठकीत ‘ताबडतोब’ म्हणजे नक्की कधी यावर दोन तास गेले. दुसरीत चहा अगोड निघाला आणि तो विषय लांबला. मयूरची आई आवडाबाई आमच्यातल्याच एक सभासद. सासर मूळचं वर्तकनगरकडचंच, घरची मिठागरं होती एके काळी. एरवी मुकाट बसायच्या, त्या दिवशी म्हणाल्या, “मास्तर, सैपाकघरातली भेग रोज वाढते. काय तां बेगीन ठरवा.” मी म्हटलं, बाई, भेग विषयपत्रिकेत नाही. (खरंच असं म्हटलं रे मी. जीभ झडली नाही माझी.)

आणि ठराव सभेपुढे असेपर्यंत सभासदाने घर सोडू नये, असंही एक कलम मीच घातलं होतं. बाकीचे दोघे तिघे गुपचूप मुलांकडे सटकले. मयूरने इथे दिव्याला खोली घेतली, बायको-मुलीला आणून ठेवलं, पण आवडाबाई हलेनात. मास्तरांचा नियम आहे म्हणाल्या. अकराव्या दिवशी सकाळी त्या भाकरी थापत असताना स्लॅब खाली आला. बाहेर काढायला चार तास लागले, तोवर सगळं संपलं होतं. मग इमारत एका दुपारात रिकामी झाली. कोणाची मंजुरी लागली नाही.

परवा शोकसभा झाली. शोकप्रस्ताव आधी वरिष्ठ सभेकडे आला (नियमच तसा), आणि त्यात ‘अपघाती’ हा शब्द असावा का, यावर एकाने दुरुस्ती सुचवली. मी उठून बाहेर आलो. घाईला आवर घालणारं कोणी तरी हवं, हे मला अजूनही पटतं. पण कधी आवरायचं नाही, हे त्याला कळायला हवं. वर्गात मी ते कधी शिकवलंच नाही. लाज वाटते, धोंडिबा.

वहिनींना नमस्कार सांग, गोळ्या चुकवू नकोस.

तुझा,
त्र्यंबक

ता. क. दहावा गुरुवारी तुमच्याच खडवलीला आहे, नदीवर. (बाईंचं माहेर तिकडचं.) सकाळी सातला स्टेशनवर मला घ्यायला येशील का? खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणखी एक ता. क. वरच्या दोन्ही बैठका झाल्या तशाच लिहिल्यात, पण त्या दुसऱ्या दिवशीच संपल्या होत्या. शेवटी सगळ्यांनी बंद पाकिटातून मतं दिली, ती मी घरी एकट्याने उघडली. सातही मतं ‘जाऊ या’. फक्त सभापतीने सही करून कागद खाली पाठवायचा होता. पण मयूर सकाळ-संध्याकाळ यायचा, चपला बाहेर काढून उभा राहायचा, “सर, झालं का काही?” म्हणायचा. निवृत्तीनंतर अठरा वर्षांत माझ्यासाठी असं कोणी दारात थांबलं नव्हतं. मला बरं वाटायचं रे. मी म्हणायचो, विचार चालू आहे. त्याला यातलं काही ठाऊक नाही. ही खोलीसुद्धा त्यानेच बघून दिली. काल घरी येऊन सांगून गेला, दहाव्याला नक्की या सर, आईला तुमचा शब्द म्हणजे फार होता. पिंडाला कावळा शिवला नाही, तर कोणाला तरी पुढे होऊन बोलावं लागतं. तेव्हा तू माझा हात धरून ठेव, आणि मी मागे सरकायला लागलो तर सोडू नकोस.