राणी ओल्हाच्या डाव्या हातात काय होतं

चि. मेलान्या हिस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? पोलंडातले डॉक्टर चांगले असले तरी रोज जाऊन त्यांचं डोकं खाऊ नकोस. मी ठणठणीत आहे. स्वयंपाकघराची काच फुटली, तिथे फळी ठोकली आहे.

चौकातल्या राणी ओल्हाच्या पुतळ्याची हकीकत सांगते. युद्ध सुरू झालं तेव्हा तिला पोत्यांनी डोक्यापर्यंत झाकलं, पुढे केलेला डावा हात तेवढा बाहेर राहिला. वाळू मिळेना म्हणून आम्ही बायकांनी आपापल्या परसातली माती भरली, आणि आपल्याकडच्या परसातल्या मातीत बटाटे असायचेच. यंदा राणीला कमरेपासून कोंब फुटले. (शेजारची हाप्का त्यांना बादलीने पाणी घालत होती. दगड खराब होतोय म्हटलं, तर म्हणाली, राणीनं थोडं सोसावं, आम्ही सोसतोच आहोत.) ओलीने संगमरवर काळा पडू लागला, आणि हात हल्ल्यात उडाला, त्याचा भुगाच झाला. मग राजधानीहून बोह्दान येव्हेनोविच हा मूर्तिकार आला. राणीला वाळवायची, दुरुस्त करायची आणि कोरड्या वाळूत पुन्हा झाकायची असं ठरलं.

पोती काढली तो दिवस मी विसरणार नाही. चेहरा उघडा पडला. ती होती तशीच समोर बघत होती, जणू मधल्या काळात काही झालंच नव्हतं. तेवढ्यात भोंगा वाजला. एरवी मी काठी घेऊन लोकांना तळघरात हाकते (ही माझी ख्याती तुझ्यापर्यंत पोचली असेलच). त्या दिवशी मीही हलले नाही. हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईसमोर पाठ फिरवायला मन होईना. हाप्कानं डोक्यावरचा रुमाल काढला.

अडलं ते हातापाशी. गावातली प्रत्येक नवरी आपला गुच्छ त्याच हातावर टांगते, त्यामुळे गावभरच्या लग्नांच्या फोटोंत हाताच्या जागी नुसती फुलं. हातात क्रूस होता, कबुतर होतं की तलवार, यावर भांडणं झाली. हाप्काला विचारलं तर म्हणाली, "अगं, मला नवऱ्याचा चेहरा आठवत नाही, हिचा हात कुठला आठवणार?" संग्रहालयातले फोटो जळाले. बोह्दान म्हणतो, "अंदाजाने हात करणार नाही, बाई. कळलं नाही तर थोटाच ठेवून जाईन." तो महिनाअखेरपर्यंतच आहे.

मग मला तुझं लग्न आठवलं. आईच्या बागेतली पिओनीची फुलं तू कुणालाही द्यायला तयार नव्हतीस, राणीलासुद्धा नाही. मी सगळ्यांदेखत तुला चिक्कू म्हटलं होतं. अजूनही म्हणते. पण राणीचा हात उघडा असलेला फोटो साऱ्या गावात तुझाच, आणि तो अल्बम तू बरोबर घेऊन गेलीस.

तुझी,
झिनाइदा

ता. क. फोटो टपालाने पाठवू नकोस, गहाळ होईल. स्वतः घेऊन ये. तुझ्या खोलीतले बटाटे बाहेर काढले आहेत.

आणखी एक. बोह्दान म्हणतो, मोबाइलवर पाठवला तरी भागेल. त्याला मी गप्प बसून बीटाचं बोर्श्च खायला सांगितलं आहे. आईचे पिओनी यंदा फार फुललेत.