आतल्या खिशाची अट

३ मार्च, सोमवार
दुपारी डोळाच लागला नाही. भार्गवीने माझी मापांची वही मागितली! नात व्हाइटफील्डला कंपनीत, आणि तिला हवी शिंप्याची वही! "मोबाइलवर फॉर्म भरता ना, अज्जा? 'गाडी आहे' म्हटलं तरच गाडीचा नंबर विचारायचा. ही अट प्रोग्रामर लोकांनी लिहायची कशी, ते मी ठरवतेय. तुम्ही वहीत कशी लिहायचात, ते बघू द्या. शुक्रवारी साहेबांना दाखवायचंय. माझं पहिलंच स्वतःचं काम."
सगळ्या अटी तिने फाइलच्या शेवटी गोळा केल्या होत्या. मी म्हणालो, चुकलीस! — आणि घाबरलो. सातवी नापास माणूस मी.

४ मार्च
सांगून टाकलं. इथल्याच शिवाजीनगरच्या माझ्या दुकानात मीही अटी शेवटच्या पानावर लिहायचो. 'कोट असेल तरच आतला खिसा.' शिलाईला माझी बायको, कावेरी. तिने ते पान पाहिलंच नाही — बँडवाल्यांच्या अठरा शर्टांना आतले खिसे! "मशीनवर बसलं की पान उलटायला हात कुठे मोकळे असतात?" उलट मलाच झापलं. तेव्हापासून अट त्या मापाच्याच ओळीत. ती जाऊन आठ वर्षं झाली, ओरडा अजून कानात आहे.
भार्गवी इतकी हसली की कॉफी सांडली. मग टकटक टकटक — लॅपटॉपवर.

६ मार्च
उद्या शुक्रवार. माझ्यामुळे पोरीचं काम फसलं तर? दोनदा म्हटलं, तुझंच ठेव बाई. "अज्जा, स्वल्प गप्प बसा!"

७ मार्च
पास! पास!! रघुनंदन साहेब म्हणाले म्हणे, वाचताना कुठे मागेपुढे जावंच लागत नाही. "सुचवलं कोणी?" तर ही म्हणाली, "आमच्या अज्जीने." अज्जीने! आणि मी? रागावलो. मग विचार केला, खोटं कुठे आहे? दोन मैसूरपाक खाल्ले. रक्तातली साखर गेली खड्ड्यात!

१९ मार्च
ज्येष्ठांच्या कार्डाचा फॉर्म. भार्गवीच्या कंपनीनेच, तिच्याच पद्धतीने केलेला. मीच भरणार म्हणालो. 'पत्नी आहे?' — 'नाही' दाबलं. खाली नावाची चौकट आलीच नाही. बरोबरच आहे. आमचीच अट.
मग 'आहे' दाबलं. चौकट आली. कावेरी लिहिलं.
तसाच पाठवून दिला.