साडेतीन ढेपा

१९ जानेवारी १९९७, रविवार. रेल्वेत.

आले एकदाची. पहाटे विमानातून उतरले, टॅक्सी करून दादर गाठलं आणि कोयना पकडली. सगळं एकटीनं. पोटावर ऑपरेशनचा वीतभर लांब वळ आहे, वाकलं की खेचतो, पण बॅग हमालानं उचलली आणि मी राणीसारखी त्याच्या मागून चालत आले. ही वही बर्मिंगहॅमच्या विमानतळावर घेतली. पहिलं पान कोरं ठेवायची माझी सवय, यावेळी नाही ठेवलं.

तिघांच्या बाकावर चौथी म्हणून बसले आणि कुणी तोंड वाकडं केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

खरं तर नवरा, धैर्यशील, न्यायला येणार होता. ऑपरेशनला आला, चार दिवस राहिला आणि मला त्याच्या डॉक्टर काकांवर सोपवून परत गेला. परवा फोनवर म्हणाला, गुऱ्हाळ पेटलंय, आमाला न्हाई जमत, आता हलकी झालीस की, येशील उडत. मी हसले. हसायची सवय लागलीय.

पोट शिवून आत कोंबडीच्या अंड्याएवढी पिशवी ठेवलीय. चार चमचे खाल्लं की भरलं. आणि भूक म्हणाल तर नाहीच. कुठे गेली देव जाणे. केरळची एक नर्स होती, मोडक्या हिंदीत बोलायची. निघताना माझा हात धरून तिनं सांगितलं की ताटात उरलेलं कुणाला द्यायचं नाही, कचऱ्यात टाकायचं. तीनदा सांगितलं. मी म्हटलं जंतूबिंतू असतील.

लोणंदला बनाबाई नावाची म्हातारी चढली, कांद्याचं अर्धं पोतं घेऊन, पुढच्याच स्टेशनला उतरणारी. मी पुण्यात घेतलेला दहीभात काढला, चार चमचे खाल्ले, डबा खिडकीतून टाकणार तेवढ्यात तिनं तो ओढून घेतला. अन्न टाकतीस व्हय गं, आण हिकडं. बोटांनी पुसून खाल्लन्. मग स्वतःच्या भाकरीचं फडकं सोडून ती संपवली. मग ठेचा नुसता. मग पोत्यातले कांदे, एकामागून एक, सालीसकट, पेरू खावा तसे. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ही चावतेय. तिचं स्टेशन आलं, गेलं. मी म्हटलं मावशी, उतरा की. म्हणाली, थांब गं बाय, लय भूक लागलीया. सगळा डबा हसत होता. मीही.

साताऱ्याला आई फलाटावर उभी होती, थर्मासात भाताची पेज घेऊन. माझ्या खिडकीवरून दोनदा पुढे गेली, ओळखलंच नाही. मग ओळखलं आणि पदर तोंडाला लावला. आधी सासरी मग माहेरी, असा सासूचा, आत्याबाईंचा, निरोप होता, म्हणून एवढीच भेट. पेज मी सगळी प्यायले. एरवी माझं उरलेलं आई संपवते, लहानपणापासून. लेकीचं उष्टं गोड लागतं म्हणते. आज थेंब नाही उरला म्हणून जरा हिरमुसली. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला कुंडलला येते म्हणाली. गाडी सुटली तरी हात हलवत होती.

बनाबाई अजून खातेय. पोतं संपत आलं.

२० जानेवारी. कुंडल.

काल संध्याकाळी किर्लोस्करवाडीला उतरले. धैर्यशील जीप घेऊन आला होता. वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, बरं जमलंय.

आत्याबाईंनी उंबऱ्यावर पुन्हा तांदळाचं माप ठेवलं होतं. नवी सून आली म्हणे आमची, जुनी तिकडंच इलायतेत टाकून आली. बायका हसल्या. मी माप ओलांडलं. घर तेच. मामंजींचा वर्दीतला फोटो तोच, त्याला नवा हार. मागच्या अंगाला गुऱ्हाळ, धुराचा आणि कढत्या रसाचा वास.

आज सकाळी मला काट्यावर चढवलं. हे लिहूनच ठेवते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. मागच्या वर्षी याच दिवसांत पाहुणेरावळे काकवी खायला आले होते. धैर्यशीलनं सगळ्यांसमोर मला गुळाच्या काट्यावर उभं केलं. गंमत म्हणून. एकशे पाच भरले. आमच्यात ढेप तीस किलोची. आमचा गूळ रांधणारा गुंडा गुळव्या बोलून गेला, साडेतीन ढेपा की वयनीसाब. तेव्हापासून ते नावच पडलं. धैर्यशील सगळ्यांत जास्त हसत होता. मग आत्याबाईंनी भाकरीची टोपली कडीकुलपात ठेवायला सुरुवात केली. मला दिवसाला एक. एकदा गोठ्यामागं गुळाचे खडे खाताना सापडले, तर शेजारच्या चार बायका बोलावून दाखवलं, हे बघा, जनावर हितं सुटलंय. आठ दिवसांनी मला साताऱ्याला पाठवलं. वजन उतरवून आणा, मग बघू. माहेरी काही उतरलं नाही, तेव्हा धैर्यशीलच्या डॉक्टर काकांकडे विलायतेत ऑपरेशन ठरलं.

आज ब्याण्णव भरले. आत्याबाई म्हणाल्या, अजून तीन ढेपा हायच की.

दुपारी पिठलं-भात वाढला. चार चमचे खाऊन ताट सारलं. आत्याबाईंच्या कपाळाला आठी. ह्या घरात अन्न टाकत न्हाईत, इलायतेची थेरं तिकडं. म्हणून माझं ताट स्वतःपुढं ओढून त्यांनीच संपवलं. मला सांगायचं होतं काहीतरी. नाही सांगितलं.

२३ जानेवारी.

आत्याबाई चार दिवस माझं उरलेलं खातायत. हट्टानं. बघून घे कसं खात्यात माणसं.

आज सकाळी मी देवघरात गेले तर त्या निरांजनातलं तूप चाटत होत्या. वात पेटती होती. ओठाला भाजलं असणार, पण मला बघून नुसत्या म्हणाल्या, नैवेद्य कुठाय. हळदीकुंकवाचा तिळगूळ, दोन डबे, संपलाय. एक दाणा सांडलेला नाही, घरात मुंगी नाही.

दुपारी वहीची मागची पानं वाचली. बनाबाई. नर्स. तीनदा सांगितलेलं.

आणि एक. मी आज काट्यावर चढले तर अठ्ठ्याऐंशी. आत्याबाईंची पोलकी दंडात बसत नाहीत. माझं उतरतं ते त्यांना चढतंय.

आता मला कळलं माझी भूक कुठे गेली. कुठेच नाही गेली. माझ्याबरोबरच आली, तिकीट न काढता. माझ्या ताटात बसून असते.

मी काय करायला हवं ते मला माहीत आहे. उरलेलं उकिरड्यावर टाकायचं, झालं. एवढं सोपं. लिहून ठेवते की मला माहीत होतं.

रात्रीचं ताट आत्याबाईंपुढं सारलं. आपणहून.

२७ जानेवारी.

आज त्या गोठ्यात सापडल्या. म्हशीच्या पाटीत तोंड घालून, पेंड खाताना. नाकाला, हनुवटीला सगळं लागलेलं. मी शेजारच्या चार बायका बोलावल्या. त्याच चार. म्हटलं, बघा की, आत्याबाई काय करतायत. एकीनं तोंडावर पदर घेतला. आत्याबाई रडत होत्या आणि चावत होत्या. मला म्हणाल्या, पोरी, थांबव गं ह्ये.

पोरी म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्यांदा.

माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कुणी वाचणार नाही. बरं वाटलं. ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा वाटलं नव्हतं एवढं बरं वाटलं. काटा आणवला आणि त्यांना चढवलं. आकडा खडूनं भिंतीवर लिहिला, मामंजींच्या फोटोखाली.

धैर्यशील पलूसहून डॉक्टर घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, वयाचं असतं, जंताचं औषध द्या.

२९ जानेवारी.

धैर्यशीलला म्हटलं, आज माझ्या ताटात जेव. वर्षभर मी तुझ्या उष्ट्या ताटात जेवले की नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी आता बघण्यासारखी झालेय. नवी साडी नेसले होते, गालाची हाडं दिसायला लागलीयत, त्याला तसंच हवं होतं. जवळ सरकून म्हणाला, लय लाडात आलीयस आज.

मी चार चमचे खाल्ले. पुढचा घास त्याला भरवला. लग्नात भरवला होता तसा. मग ताट दिलं.

त्यानं ताट चाटलं.

२ फेब्रुवारी.

मी त्र्याहत्तर. रोज नवीन आकडा. आरशात बाई दिसते ती माझ्या ओळखीची नाही, पण शोभते.

धैर्यशील उसाच्या चिपाडाचा चोथा चघळतो दिवसभर. रस निघून गेलेला, वाळलेला. शर्टाची बटणं तुटलीत. त्याला काट्यावर चढवलं, गडीमाणसांसमोर. म्हटलं, गुंडा, सांग किती ढेपा. गुंडानं मान खाली घातली. कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील.

मग चुलवाणापाशी गुंडा हळूच म्हणाला, वयनीसाब, म्या चुकलो त्या दिशी, पाया पडतो, पण तुमी ह्येनला काय घालताय? मी म्हटलं, माझं उरलेलं. तो आता आमच्या घरचं पाणीही पीत नाही.

५ फेब्रुवारी.

आत्याबाई उठू शकत नाहीत. अंथरुणातच. वाकळेच्या चिंध्या ओढून ओढून खातात. हाक मारतात. आवाज म्हशीसारखा.

मी त्रेसष्ट. जिना चढताना दम लागतो. बांगड्या कोपरापर्यंत जातात.

आता टाकावं का उकिरड्यावर. आज वाटलं. मग टोपलीचं कुलूप दिसलं, खुंटीला अजून लटकतंय.

८ फेब्रुवारी.

धैर्यशीलनं काहिलीत हात घातला. काकवी कढत होती. ओंजळ भरून तोंडाला लावली. ओरडला नाही. गिळलीन्. गुंडा आणि दोन गड्यांनी ओढलं मागं. ओठ राहिले नाहीत नीट. जिभेची साल —

दवाखान्यातून आणलं. पट्टीतून बोलतो. काय बोलतो ते एकच.

ताट दे.

मी दिलं.

१० फेब्रुवारी.

चोपन्न. गडी सगळे गेले. गुऱ्हाळ थंड. गुंडा तेवढा राहिलाय, गोठ्यात झोपतो, जनावरांना टाकतो.

शेजारच्या पोस्टातून आईला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. का गं? घरात आजारपण आहे. मग तर यायलाच पाहिजे म्हणाली. काही खातेस का नीट? हो म्हटलं. येऊ नकोस. बरं, म्हणाली.

बरं म्हणाली. म्हणजे नाही येणार.

१२ फेब्रुवारी.

त्याच्याकडून ऐकायचंय. चुकलं म्हणून. तेवढंच राहिलंय. आत्याबाई बोलल्या पोरी म्हणून, तो नाही बोलला.

उद्या शेवटचं ताट. त्यानं माफी मागितली की द्यायचं. मग संपलं. मग सगळं उकिरड्यावर, नर्सनं सांगितलं तसं. देवाशप्पथ.

सेहेचाळीस. पोटावरचा वळ आता बरगडीएवढा लांब दिसतो.

१३ फेब्रुवारी. उद्या रथसप्तमी.

दूधभात. चार चमचे खाल्ले. उरलेलं त्याच्या नकळत स्वयंपाकघरात फडताळात झाकून ठेवलं. आत येऊन खोलीचं दार लावून घेतलं. बाहेरून त्याचे पाय ओढत आले. दाराला टेकून बसला. दार कुरकुरलं.

म्हटलं, चुकलं म्हण.

ताट दे, म्हणतो.

चुकलं म्हण आधी. माणसांसमोर मला काट्यावर चढवलंस त्याबद्दल म्हण.

ताट.

मला घाई नाही. लिहीत बसलेय. त्याला रडू दे जरा.

अजून रडतोय.

फाटकापाशी रिक्षा थांबली. गुंडाचा आवाज, आवं आत नगा जाऊ. मग बाईचा आवाज —

आई.

एक दिवस आधीच आली.

दार उघडत नाही. बाहेरच्या बाजूला उघडतं हे दार आणि तो टेकून बसलाय. दोन्ही हातांनी ढकललं. खांदा लावला. परवाच भिंतीवर आकडा लिहिला त्याचा. एकशे पाच. बरोबर एकशे पाच, साडेतीन ढेपा, मी लिहून हसले होते —

ऊठ म्हटलं. धैर्यशील ऊठ. माफ केलं जा. नको म्हणूस काही. ऊठ.

त्याला उठता येत नाही.

आई मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेलीय. भिंतीपलीकडंच. विचारतेय, संयू, कुठायस गं, घर असं काय झालंय, थांब पाय धुते. मग फडताळाची कडी —

ओरडले. आई ताट ठेव. खाऊ नकोस. टाक ते. उकिरड्यावर टाक.

ऐकू गेलं तिला. हसतेय. अगं आईला कसलं उष्टं, म्हणते, एवढासा तर भात, पेज पण ठेवली नव्हतीस त्या दिवशी —

आई माझं ऐक

चमचा ताटाला लागतोय. हळू. ती सावकाश खाते, सवय आहे

थांबला.

आई?

म्हणतेय, संयू, अजून आहे का गं थोडा, मला आज कशी कोण जाणे लय भू