धक्क्यावरच्या खोलीला कुलूप लावू नये

मी, कोच्चुत्रेस्या, कै. इट्टूप वर्की यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा काथ्या वळणे व बदके पाळणे, राहणार कैतक्करी, कुट्टनाड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. या घरात शुद्धीवर राहण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच होतं.

१. बदके, त्यांची जाळी आणि काथ्याचा रहाट मुलगी फिलोमिना हिला. रहाटाला तेल घालत जा. नाही घातलंस तर कुरकुरेल, माझ्यासारखा.

२. माझ्या जाऊबाई मरियम यांना माझी काळी छत्री. लोकांच्या खिडकीखाली उभं राहून ऐकताना त्यांनी यापुढे भिजू नये. मी दारू सोडणाऱ्यांची बैठक शोधत फिरत होते, तेव्हा त्रेस्याच पिते असं गावभर त्यांनीच केलं. मी मनातून काढलं आहे, पण लिहून ठेवते.

३. धक्क्यावरची काथ्याची खोली. हिच्याबद्दल नीट सांगायला हवं.

माझे यजमान होडी उत्तम चालवत आणि माडी भरपूर पीत. इस्पितळातल्या नर्सनं मला सांगितलं, शहरात दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक भरते. कुठे, ते तिलाही ठाऊक नव्हतं. मी बोटीनं जाऊन विचारत फिरले. चर्चमध्ये म्हणाले, "आपल्यात कोणी तसं नाही." चहावाला हसला. "सोडणाऱ्यांची कुठली शोधता, चेची? पिणाऱ्यांची दाखवतो, चालेल?" शेवटी बाजारातल्या एका मासेवालीनं टोपलीवर वाकून हळूच सांगितलं, "शिवणक्लासच्या मागची खोली. सोमवारी. माझा नवरा जातो. बोलू नकोस कुठे."

यजमानांना तयार करायला मला सबंध पावसाळा लागला. त्या सोमवारी त्यांनी दाढी केली, चर्चला नेसायचं पांढरं मुंडू नेसले. दारात थांबून म्हणाले, "त्रेस्ये, तू पण चल ना."

"मी येऊन काय करू? बैठक तुमची," मी म्हटलं. चुलीवर भात उकडायला घातला होता.

ते गेले. खोलीला कुलूप होतं. त्याच आठवड्यात घरमालकानं जागा सोडायला लावली होती आणि बैठक कालव्यापलीकडे गेली होती. दारावर चिकटवलेला कागद पावसानं धुऊन गेला होता. ते पायरीवर बसून राहिले. समोरच माडीचं दुकान. आतून कोणीतरी हाक मारली, "काय इट्टूपेट्टा, लग्नाचे कपडे घालून कुणाची वाट बघतोयस? ये आत."

घरी आले आणि म्हणाले, "दार बंद होतं गं."

मी दुसऱ्याच दिवशी जाऊन नवी जागा शोधून आले. खूप विनवलं. ते एवढंच म्हणाले, "त्या पायरीवर मला सगळ्यांनी बघितलं. आता नको." बंद दार बघायची ताकद माणसात एकदाच असते. पुढच्या ईस्टरआधी ते गेले. मयताला बैठकीतला दामोदरन आला आणि अंगणात उभा राहून रडला. त्यांना त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. तेव्हापासून बैठक माझ्या खोलीत भरते.

तर, खोलीची मालकी फिलोमिनाची. बैठकवाले मालकी घेत नाहीत, तसा त्यांचा नियम आहे. मात्र बैठक भरते तोवर खोली विकू नये, भाड्यानं देऊ नये, कुलूप लावू नये. पाटीवर 'दारू' हा शब्द ठसठशीत असावा. सुनेला लाज वाटते. पण शोधणाऱ्याला कळायला नको? उद्या बैठक दुसरीकडे गेलीच, तर वर्षभर दर सोमवारी पायरीवर एक माणूस बसवावा. कागदावर भागवू नये.

४. राहतं घर मुलगा वर्की याला. वकील म्हणाले, "आजी, अट घाला. दारू सोडली तरच घर." मी नको म्हटलं. त्याच्या बापाला आम्ही सगळ्यांनी अटीच घातल्या होत्या; बरोबर चालत कोणी गेलं नाही, मीसुद्धा. त्या दिवशी भात करपला असता तर करपला असता.

वर्कीला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अम्मे, ती खोली मला बघवत नाही."

"नको बघूस. तुला जायचं झालं आणि मी असले, तर मला उठव. कितीही गुडघे दुखोत, मी येईन."

घर त्याचंच आहे.

५. माझं दफन यजमानांशेजारी करावं. जेवणात करिमीन मासा असावा, माडी नसावी.

बैठकीत सगळे एकमेकांना नुसत्या पहिल्या नावानं ओळखतात. दामोदरनचं आडनाव, गाव मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. साक्षीला बसला तेव्हा मी म्हटलं, "नुसतं दामोदरन लिही, बाबा. गावात तुझी अब्रू आहे." तो म्हणाला, "चेची, अर्ध्या माणसाची साक्ष चालत नाही."

स्थळ : कैतक्करी
दिनांक : ४ फेब्रुवारी २०१९

(सही) कोच्चुत्रेस्या इट्टूप

साक्षीदार :
१. (सही) जोसकुट्टी चाक्को, होडीवाले, राहणार कैतक्करी.
२. (सही) दामोदरन कुंजुरामन पणिक्कर, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार देवळामागे, पूर्व आळी, चंपक्करा. या बैठकीत दारू सोडायला आलो, अजून येतो.