फिक्क्याचे दोन साक्षीदार

२ फेब्रुवारी, रविवार

गावच्या हॉलमध्ये मीटिंग. मक्याचे तमाले खाऊन झाल्यावर शाळेतल्या निदिया बाईंनी जाहीर केलं. वाळवंटातला पक्षी-महोत्सव ७ ते ९ मार्च. शेवटच्या दिवशी पहाटेची मोठी फेरी, पाहुणे पार एर्मोसियो शहराहून येणार. फेरीच्या पुढे मुख्य वाटाड्या म्हणून कोण चालणार? फेब्रुवारीत ज्याच्या यादीत सगळ्यात जास्त जाती, तो.

मनात म्हटलं, ही काय विचारायची गोष्ट आहे? या पोसो बेर्मेखो गावात अकरा वर्षं दुर्बीण एकाच गळ्यात आहे.

कासिमिरोनं हात वर केला. त्यानं दुर्बीण ऑक्टोबरमध्ये घेतली. हरवलेल्या शेळ्या शोधायला.

मला काही वाटलं नाही. टाळ्या सगळ्यात जोरात मीच वाजवल्या.

३ फेब्रुवारी, पहाटे ५:१०

संकल्प. रोज पाचला उठणे. टायरचं दुकान दहाशिवाय उघडायचं नाही, हायवेवर कुणी पंक्चर होऊन बसला तर बसू दे. कासिमिरोचा विचार करायचा नाही.

नियम माझ्या बाजूचा आहे. पक्षी एकट्यानं पाहिला तर धरत नाहीत. दोघांनी पाहून वहीत सह्या करायच्या, मग तो दोघांच्याही यादीत जातो. हा नियम पहिल्या वर्षी मीच सुचवला होता. लोक फेकतात म्हणून.

३ फेब्रुवारी, सकाळी ११

परत झोप लागली. थंडी होती. पक्षीसुद्धा उठले नसणार.

६ फेब्रुवारी

साक्षीदार म्हणून ग्रिसेल्दाला नेलं. बायको असून उपयोग काय नाहीतर. वाटभर तिच्या बहिणीच्या फ्रिजबद्दल बोलत होती. मी नऊ जाती पाहिल्या. वही पुढे केली तर म्हणाली, मी पाहिलं तेवढ्याचीच सही करीन. एक पारवा, दुसरा पारवा आणि तो काळा. म्हटलं, दोन पारवे म्हणजे एकच जात. म्हणाली, मग दोनच सह्या, बरं झालं, बोटं गारठलीत.

असल्या प्रामाणिकपणामुळे संसार मोडतात.

९ फेब्रुवारी

कासिमिरोबरोबर सात जण गेले होते. सात! माझ्याबरोबर कुणी का येत नाही याचा शांतपणे विचार केला. कारण सापडलं. तो सुक्या मांसाचे बुरितो घेऊन जातो. ही लाच आहे.

शिवाय त्याला एकाही पक्ष्याचं नाव धड येत नाही. निवडुंगाला भोकं पाडणाऱ्या सुतारपक्ष्याला तो ‘भाडं न देणारा’ म्हणतो. लोक हसतात आणि, हे विशेष वाईट, लक्षात ठेवतात. मी लॅटिन नावं सांगतो. कुणी बोललं की श्शू करतो. शिस्त हवी.

१२ फेब्रुवारी

त्याला तोंडावर काही बोलताही येत नाही. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता झाला, तेव्हापासून तो माझा कोंपाद्रे. कोंपाद्रेला अहो-जाहो करायचं, कोंपाद्रेशी भांडायचं नाही. गावात दुसरं काहीही चालतं, हे चालत नाही. वीस वर्षांपूर्वी धर्मपिता निवडताना मी पुढचा विचार करायला हवा होता.

आज दुकानात टायर घेऊन आला. म्हणाला, अहो कोंपाद्रे, तुम्ही एकटेच का फिरता? या की आमच्याबरोबर, चार सह्या सहज मिळतील. म्हटलं, गर्दीत माझी एकाग्रता भंगते. म्हणाला, बरं, मग बुरितो तरी ठेवा.

ठेवला. तपासायला म्हणून खाल्ला. ठीक होता.

१३ फेब्रुवारी

उत्तम होता.

१७ फेब्रुवारी

पंक्चर काढायला आलेल्यांना पक्षी दाखवून सह्या घेतल्या, तरी त्याचे अठ्ठावन्न, माझे एकोणपन्नास. त्याच्या ग्रुपच्या मागून गेलो. लपून नव्हे, मेस्कीटच्या झाडांच्या आडून. त्यांनी पाहिलेले पक्षी मलाही दिसले, तेव्हा पुढे होऊन सह्या मागितल्या. सगळ्यांनी आनंदानं दिल्या. कासिमिरोनं मला मिठीच मारली. म्हणाला, आलात ना शेवटी!

हा माणूस किती खोल पाण्यातला आहे हे माझ्याशिवाय कुणाला कळत नाही.

२७ फेब्रुवारी

रोज त्यांच्या मागून. त्रेसष्ट–त्रेसष्ट. उद्या शेवटचा दिवस. आता एक, फक्त एक, तोही माझा एकट्याचा हवा. म्हणजे मी आणि कुणीतरी साक्षीदार. कासिमिरो सोडून कुणीही. ग्रिसेल्दाला विचारलं. म्हणाली, उद्या बहिणीचा फ्रिज येणार आहे.

२८ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

घरी येऊन आधी हेच लिहितोय.

खाऱ्या सपाटीवर होतो. सातला दहा कमी असताना समोर चाळीस पावलांवर फिक्का! फिक्का कुइतलाकोचे पक्षी! वाळूच्या रंगाचा, वाकड्या चोचीचा. या गावात आजवर कुणीही पाहिलेला नाही. अकरा वर्षं मी याच्यासाठी ही सपाटी तुडवतोय.

साक्षीदार शोधला. अख्ख्या सपाटीवर माणूस एकच. दोनशे पावलांवर, दुर्बीण घेऊन, एकटा. कासिमिरो.

हाक मारली तर त्याचेही चौसष्ट. नाही मारली तर माझे त्रेसष्टच.

विचाराला वेळ हवा होता. झुडपामागे बसलो आणि दुर्बीण कासिमिरोवर लावली, त्याला दिसतोय की काय ते बघायला. त्यानं हात हलवला. मग टोपी काढून हलवली. माश्या हाकलत असावा. किंवा मला चिडवत असावा. मी आणखी खाली वाकलो. बारा मिनिटं त्याच्यावरची नजर काढली नाही. एवढी एकाग्रता मला आजवर साधली नव्हती.

मग फिक्क्याकडे वळलो. फिक्का नव्हता.

हरकत नाही. त्यालाही मिळाला नाही.

१ मार्च

हॉलमध्ये याद्या वाचल्या. त्रेसष्ट–त्रेसष्ट म्हणणार तेवढ्यात कासिमिरो उठला. म्हणाला, बाई, एक राहिला. फिक्का. काल सातच्या सुमाराला. साक्षीदार मी आणि माझे कोंपाद्रे.

सगळा हॉल माझ्याकडे वळला.

तो म्हणाला, अहो कोंपाद्रे, टोपी हलवून हलवून खांदा दुखला माझा! आणि तुम्ही बसलात झुडपामागे दबा धरून, श्वाससुद्धा घेत नव्हतात. मी म्हटलं, याला म्हणतात पक्षी बघणं. म्हणून मीही जागचा हललो नाही, तुमचा पक्षी उडायला नको.

वही पुढे आली. सही केली. अक्षर जरा वाकडं आलं.

चौसष्ट–चौसष्ट. निदिया बाई म्हणाल्या, चिठ्ठ्या टाकू. कासिमिरो म्हणाला, चिठ्ठ्या कशाला? कोंपाद्रे पुढे चालतील. त्यांना बघूनच तर मी थांबलो होतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. योग्यता शेवटी लोकांना कळतेच. डोळ्यात काहीतरी गेलं होतं. दोन्ही डोळ्यांत.

८ मार्च

शर्टाला इस्त्री केली. भाषण पाठ केलं. लॅटिन नावांसकट अठरा मिनिटं. ग्रिसेल्दा सहाव्या मिनिटाला झोपली, म्हणजे आवाज शांत आणि सुखद लागतोय.

९ मार्च, दुपारी २

फेरी झाली.

पन्नासेक माणसं. मी पुढे. सुरुवात फार चांगली झाली, म्हणजे पार्किंगपासून पहिल्या निवडुंगापर्यंत. मग कळलं की सगळे एकाच पक्ष्यासाठी आलेत. खाऱ्या सपाटीवर पोचलो. फिक्का आला नाही. मी म्हटलं, निराश होऊ नका, मी वर्णन करतो.

एर्मोसियोच्या एका बाईंनी वही उघडली. विचारलं, डोळे कसे असतात?

म्हटलं, दोन.

लोक हसले. मीही हसलो. त्यांनी विचारलं, नाही, रंग? मी लॅटिन नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, पळताना शेपूट कशी धरतो? मी लॅटिन नाव पुन्हा सांगितलं, सावकाश. मला काल-परवासारखं आठवत होतं त्या सकाळचं सगळं. टोपी. तिचा घामानं पांढरा झालेला काठ. डाव्या बाहीचं तुटलेलं बटण. सगळं कासिमिरोचं.

बाई म्हणाल्या, पण पाहिलात ना तुम्ही?

तेवढ्यात मागून कासिमिरो आला. म्हणाला, आमचे कोंपाद्रे त्या दिवशीही बोलले नाहीत, आजही बोलणार नाहीत. गंभीर माणूस. मी सांगतो. डोळे काळे, भाजलेल्या कॉफीच्या बीसारखे. आणि पळतो कसा, तर प्रार्थनेला उशीर झालेल्या पाद्र्यासारखा! मग शेपटीच्या जागी हात धरून, मान खाली घालून तो वाळूत पळाला. थांबला. वळून बघितलं. परत पळाला. पन्नास माणसं हसत त्याच्यामागून गेली. फेरी तिथून पुढे त्याच्याच मागे चालली.

मी आपण होऊन मागे थांबलो. कुणी राहिलं तर? ती जबाबदारी मुख्य वाटाड्याचीच.

९ मार्च, दुपारी ४

ग्रिसेल्दानं विचारलं, कसा होता रे तो तुझा पक्षी? मी सांगितलं, डोळे कॉफीच्या बीसारखे, आणि पळतो प्रार्थनेला उशीर झालेल्या पाद्र्यासारखा. ती पोट धरून हसली. महिनाभरात पहिल्यांदा. मग म्हणाली, हे कासिमिरोचं बोलणं वाटतं.

म्हटलं, मीच सांगितलं होतं त्याला.

ती म्हणाली, एवारिस्तो, तू पाहिलास तरी का रे?

दुर्बिणीची काच पुसायची राहिली होती, ती पुसायला घेतली.